वस्तीतलं प्लास्टिक वस्तीतच: एका खटपटीची पार्श्वभूमी

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात महिन्या-दोन महिन्यांनी एक काका यायचे. खांद्याला पिशवी, हातात कोळशाची छोटी शेगडी आणि तिच्यात खुपसलेली लोखंडी पट्टी. "बादली, टब सांधूनऽऽ" अशी हाळी आली की आजी मोरीतली चिरलेली बादली बाहेर काढायची. काका आधी बादलीवर नख ओढून बघायचे, टिचकी मारून ऐकायचे आणि मग पिशवीतल्या तुकड्यांतून एक तुकडा निवडायचे. तापलेल्या पट्टीने बादलीच्या चिरेच्या कडा मऊ करायच्या, तुकडाही मऊ करायचा आणि दोन्ही एकमेकांत दाबून द्यायचे. एकदा आजीने हिरव्या बादलीला हिरवंच ठिगळ हवं म्हणून हट्ट धरला. काका म्हणाले, "आजी, रंग जमतोय, पण माल वेगळा आहे. दोन दिवसांत निघून येईल." शेवटी निळं ठिगळ लागलं. ते शेवटपर्यंत टिकलं.

आज सोसायट्यांमध्ये, शाळांमध्ये, गावातल्या एखाद्या शेडमध्ये बाटल्यांची झाकणं आणि डबे दळून त्यापासून फरशा, कुंड्या, स्टुलं करण्याचे प्रयोग होतात, तेव्हा मला हटकून ते काका आठवतात. या प्रयोगांकडे नवी कल्पना म्हणून पाहिलं जातं आणि सगळ्यांचं लक्ष यंत्राकडे असतं. पण या कामाचा कणा यंत्र नाही, निवड आहे. आणि निवडीचं ज्ञान यंत्राच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे आहे. बहुतेक वेळा ते गरिबांच्या, त्यातही बायकांच्या हातात राहिलं, म्हणून त्याला ज्ञान म्हणायची आपल्याला सवय नाही.

घरच्या घरी प्लास्टिक वितळवता येतं याचं कारण त्याच्या रसायनात आहे. १९०७ मध्ये लिओ बेकलँड यांनी बॅकेलाइट तयार केलं. कुकरच्या आणि तव्याच्या काळ्या मुठी बराच काळ त्याच्याच असायच्या. बॅकेलाइट एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, जशी भाजलेल्या भाकरीची पुन्हा कणीक होत नाही. नंतर आलेली बरीचशी प्लास्टिकं मात्र तुपासारखी आहेत: तापवली की पातळ, गार झाली की घट्ट. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉलिथिन अपघातानेच हाती लागलं. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी कमी दाबाखाली कणखर पॉलिथिन, म्हणजे एचडीपीई, करण्याची रीत शोधली. पुढच्याच वर्षी इटलीत जुलिओ नात्ता यांनी पॉलिप्रॉपिलीन तयार केलं. दोघांना १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मोरीतली बादली, शाम्पूची बाटली, मांडवातली खुर्ची, डब्याचं झाकण हा सगळा या दोन शोधांचा संसार.

आपल्याकडे हा माल फार दुरून आला असंही नाही. १९६० च्या दशकात ट्रॉम्बेत आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात पेट्रोरसायनांचे कारखाने उभे राहिले. पितळी घागरींची जागा प्लास्टिकच्या कळशीने घेतली, आणि कळशी फुटली की ती टाकायची नसते हे बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही. पितळ मोडीत जायचं तसं प्लास्टिकही भंगारात जाऊ लागलं. दुधाच्या पिशव्या आल्यावर त्या विसळून स्वयंपाकघराच्या फरशांवर चिकटवायच्या, वाळल्या की त्यांचा गठ्ठा बांधायचा आणि महिन्याला भंगारवाल्याला वजनावर द्यायचा, हे हजारो घरांत चालायचं. आजही काही घरांत चालतं. पिशवी धुतलेली, कोरडी आणि एकाच प्रकारची. रिसायकलिंगच्या धंद्यात याहून चांगला कच्चा माल मिळणं कठीण.

भंगाराच्या दुकानातून हा माल पुढे कुठे जातो? मुंबईपुरतं बोलायचं तर फार मोठा वाटा वर्षानुवर्षं धारावीतल्या 'तेरा कंपाउंड' नावाच्या भागात जात आला आहे. तिथली पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढे युरोपातून छोट्या यंत्रांचे जे आराखडे जगभर गेले त्यांत याच पायऱ्या दिसतात. ढिगाभोवती बसून आधी माल वेगळा करायचा. फुंकून केलेल्या बाटल्या-कॅन म्हणजे 'फुगा', ठिसूळ माल म्हणजे 'कडक', पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, दुधाच्या पिशव्या वेगळ्या. टिचकी मारली की कडक माल काचेसारखा खणखणतो, पॉलिथिन बद्द वाजतं. शंका आली तर कोपरा जरा जाळून वास घ्यायचा: मेणबत्तीसारखा आला तर पॉलिथिन, नाकात झोंबणारा आंबट धूर आला तर पीव्हीसी, म्हणजे पाइपांचं प्लास्टिक. मग माल दळायचा, पाण्यात धुवायचा आणि पत्र्याच्या छपरावर वाळत टाकायचा. त्यानंतर तो गरम नळकांड्यातल्या मळसूत्रातून पुढे ढकलायचा. शेवयांसारख्या निघालेल्या तारा पाण्यात गार करून त्यांचे तुकडे पाडले की झाला 'दाणा'. हा दाणा पुन्हा कारखान्यात जातो. दळायची बरीच यंत्रंही तिथल्याच वर्कशॉपमध्ये बनतात.

या कौशल्याचं कौतुक करताना त्याची किंमत विसरून चालणार नाही. वितळवण्याच्या खोल्यांत धूर कोंडतो, मास्क क्वचित दिसतो आणि वास घेऊन माल ओळखणाऱ्याच्या छातीत तो वास रोज जातो. म्हणून घरी प्रयोग करू पाहणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की जाळून बघू नका, पाण्यात टाकून बघा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतात, पाण्याच्या बाटलीचं पेट आणि पीव्हीसी बुडतात. ही चाचणी फुकट आहे आणि तिने छातीला त्रास होत नाही.

पुण्याची वाट वेगळी होती. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कचरावेचकांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्यांचं काम त्यामागे होतं. नाव लक्ष देऊन वाचलं की काळ दिसतो. कागद आहे, काच आहे, पत्रा आहे, प्लास्टिक नाही. आज त्याच बायकांच्या पोत्यात सगळ्यात जास्त जागा प्लास्टिकच व्यापतं. संघटनेचं म्हणणं सरळ होतं: कुंडीत मिसळून सडलेला माल उपसण्याऐवजी दारातूनच ओला-सुका वेगळा मिळाला तर बाईची तब्येत सुधारते, मालाला भाव चांगला येतो आणि शहराचा वाहतुकीचा खर्चही वाचतो. यातूनच पुढे कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेनेही 'परिसर विकास' नावाने कचरावेचक बायकांसोबत काम उभं केलं. वस्तीपातळीवरच्या कुठल्याही प्लास्टिक प्रयोगाचा खरा पाया मी इथे शोधतो.

प्लास्टिकवरच्या आकड्यांची गोष्टही इथेच सांगायला हवी. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा असतो. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने तो सुरू केला. १ म्हणजे पेट, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई (मऊ पॉलिथिन), ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन (थर्माकोल याचंच), आणि ७ मध्ये उरलेलं सगळं. निवडणाऱ्याच्या हाताला हा आकडा उपयोगी आहे. पण भोवतीच्या बाणांच्या त्रिकोणामुळे लोकांचा समज झाला की आकडा असला म्हणजे वस्तू रिसायकल होतेच. हा समज उद्योगाच्या सोयीचा होता आणि त्याने फार नुकसान केलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासानुसार, जगात २०१५ पर्यंत सुमारे ८.३ अब्ज टन प्लास्टिक बनलं होतं आणि त्यातून झालेल्या कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के रिसायकल झाला होता.

आता नेदरलँड्सकडे येऊ. आइंडहोव्हनच्या डिझाइन अकादमीत शिकलेल्या डेव्ह हाकन्स या तरुणाने २०१३ मध्ये 'प्रेशस प्लास्टिक' नावाचा प्रकल्प जगापुढे ठेवला. हाताने काही बनवणाऱ्या माणसाला लाकूडकाम करता येतं, कुंभारकाम करता येतं, मग प्लास्टिककामच का नाही, असा त्याचा प्रश्न होता. कारखान्यांची यंत्रं अवाढव्य आणि महाग, छोट्यासाठी काहीच नाही. म्हणून त्याने चार छोटी यंत्रं बांधली: दळणारं, मळसूत्राने तार काढणारं, दांडा ओढून साच्यात भरणारं आणि दाबून पाट करणारं. दाबायच्या यंत्राला जुनी ओव्हन आणि गाडीचा जॅक, मळसूत्राच्या जागी लाकडाला भोक पाडायचं लांब गिरमिट. तत्त्व नवं नव्हतं. दट्ट्याने साच्यात माल भरण्याचं पेटंट अमेरिकेतल्या हायट बंधूंनी १८७२ मध्येच घेतलं होतं. नवं होतं ते पुढचं पाऊल: सगळे आराखडे फुकट, कुणीही घ्या, बांधा, सुधारा, विका.

२०१६ मध्ये सुधारलेली आवृत्ती व्हिडिओंसह आली आणि ठिकठिकाणच्या वेल्डरांना, विद्यार्थ्यांना, समुद्रकिनारे साफ करणाऱ्यांना एक समान भाषा मिळाली. २०१७ मध्ये तिसरी आवृत्ती आली. पुढे एका फ्रेंच प्रतिष्ठानाचं तीन लाख युरोंचं बक्षीस मिळालं, आइंडहोव्हनमध्येच मोठी जागा मिळाली, देशोदेशीचे लोक तिथे येऊन राबले आणि २०२० च्या जानेवारीत चौथी आवृत्ती निघाली. या वेळी यंत्रं मोठी होती, मीटरभर लांब-रुंद पाट काढणारा प्रेससुद्धा. कारण सात वर्षांत एक गोष्ट कळली होती: चाव्यांची साखळी आणि वाटी बनवून हौस भागते, वस्तीतल्या प्लास्टिकच्या ढिगात फरक पडत नाही. फरक पाडायचा तर किलोंनी खपणारी वस्तू हवी, आणि ती विकत घेणारा माणूस हवा. २०२४ च्या अखेरीस प्रकल्पाच्या चालकांनी पैशाअभावी पुढे चालणं अवघड झाल्याचं उघडपणे सांगितलं. इतक्या लोकांनी ज्यांचे आराखडे वापरले त्यांच्यावर ही वेळ यावी, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

महाराष्ट्रात या विषयाला कायद्याची धार आली ती पुरामुळे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या गटारांतल्या पिशव्या सगळ्यांच्या डोळ्यांवर आल्या. पातळ पिशव्यांवर निर्बंध आले. २३ मार्च २०१८ ला राज्याने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. त्याच अधिसूचनेत दुधाची पिशवी परत दिली तर ५० पैसे परत मिळावेत अशी तरतूद होती. मला ती फार शहाणपणाची वाटली होती, कारण आजीच्या फरशीवरच्या पिशवीला तिने सरकारी मान दिला होता. पण माझ्या दुकानदाराने मला ते ५० पैसे कधीच दिले नाहीत, आणि दोन-तीनदा विचारून मीही थांबलो.

वेफर्सच्या, बिस्किटांच्या पुड्यांचं काय, हा प्रश्न मात्र यंत्राने सुटत नाही. त्यात प्लास्टिकचे आणि चंदेरी मुलाम्याचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. घरगुती ओव्हनमध्ये ते वेगळे होत नाहीत. इथे पुण्यातल्या रीचरखा आणि इकोकारी या उपक्रमांनी वितळवायचा नादच सोडला. पुडे आणि पिशव्या धुवायच्या, वाळवायच्या, लांब पट्ट्या कापायच्या, चरख्यावर गुंडाळायच्या आणि हातमागावर विणायच्या. धूर नाही, वितळबिंदूची भानगड नाही आणि विणणाऱ्याच्या हाताला काम. प्लास्टिकचं तापमान न वाढवता त्याचं काहीतरी करता येतं, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात फार मोलाची वाटते.

वितळवायचंच असेल तर झाकणांपासून सुरुवात करावी असं सगळीकडे सांगतात, आणि ते बरोबर आहे. झाकणं तुलनेने स्वच्छ असतात, रंग छान असतात, आणि एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळायला लागतं, म्हणजे साध्या ओव्हनच्या आवाक्यात. एक झाकण साधारण दोन ग्रॅमचं, म्हणजे किलोला पाचशे. आम्ही चौघा-पाचांनी सोसायटीत चार महिने झाकणं गोळा केली, वॉचमनच्या केबिनशेजारी पत्र्याच्या पिंपात. पहिली फरशी दाबून काढली तेव्हा ती सुंदर दिसत होती, निळ्यात पांढऱ्या लाटा. आठ दिवसांत कोपऱ्याचा पापुद्रा सुटला. उलटून पाहिलं तर आत काही झाकणं नीट विरघळलीच नव्हती, कडा जशाच्या तशा दिसत होत्या. पिंपात २ आणि ५ दोन्ही आकडे एकत्र आले होते. पॉलिप्रॉपिलीनला १६० च्या वर तापमान लागतं आणि वितळलं तरी ते एचडीपीईशी नीट एकजीव होत नाही. पाण्यात दोन्ही तरंगतात, म्हणून आमच्या बादलीतल्या चाचणीने काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना विचारलं. त्यांनी पिंप जमिनीवर ओतलं, मांडी घातली आणि झाकणं एकेक करून दोन बोटांत दाबत दोन ढीग लावायला घेतले. त्यांनी आकडे पाहिलेच नाहीत. "हे दबतं, हे कटकन मोडतं," म्हणाल्या. तासाभरात पिंप रिकामं झालं. मी मागून भिंग घेऊन पन्नासेक झाकणं तपासली. एकच चुकीच्या ढिगात होतं.