किल्ल्याखालची पाच छपरं

स्पेनमधल्या पेन्याफिएल गावात मान वर केली की किल्ला दिसतोच. अरुंद टेकडीवर दोनशे मीटरांहून लांब, दगडी जहाजासारखा. ड्वेरो नदीच्या खोऱ्यातलं हे जुनं वाइनचं गाव. इथली वाइन मुरत आली ती टेकडीच्या पोटात खोदलेल्या भुयारांत.

१९२७ साली गावच्या द्राक्ष उत्पादकांनी एकत्र येऊन सुरू केलेल्या ‘प्रोतोस’ या वाइनरीला ही जागा अपुरी पडू लागली. नव्या इमारतीचं काम गेलं वास्तुरचनाकार रिचर्ड रॉजर्स यांच्याकडे. पॅरिसच्या पाँपिदू सेंटर या कलाकेंद्राचे पाइप उघडउघड बाहेर काढणाऱ्या जोडीतले हे एक. असा माणूस किल्ल्यासमोर काय उभं करेल, अशी धास्ती कुणालाही वाटावी. पण २००८ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीचा बराच भाग त्यांनी जमिनीखाली नेला.

किल्ल्याचा मान राखला गेलाच, पण खरा फायदा वाइनचा. लाकडी पिंपांतल्या वाइनला साधारण १२ ते १५ अंशांचं स्थिर तापमान लागतं, आणि इथे हिवाळा गोठवणारा, उन्हाळा भाजणारा. माती उष्णता फार सावकाश पुढे सरकवते. दिवसरात्रीचा चढउतार हातभर खोलीवरच विरून जातो. ऋतूंचा फरक जास्त खोल जातो, पण दर मीटरमागे मंदावत आणि रेंगाळत. पाच-सहा मीटर खाली उन्हाळ्याची उरलीसुरली ऊब पोचते, तोवर वर थंडी पडलेली असते! तिथलं तापमान वर्षाच्या सरासरीजवळ राहतं, आणि या भागात ती सरासरी बारा-तेरा अंशांची आहे. पिंपांना हवी तेवढीच.

जमिनीवर दिसतात ती चिकटवलेल्या लाकडी पट्ट्यांच्या कमानींवर पेललेली, शेजारी शेजारी पाच लांब छपरं. कमानींचा आकार पॅराबोलाचा, म्हणजे तिरक्या फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारखा. आडव्या अंतरावर भार सारखा पसरला असेल तर या आकारात लाकूड जवळपास फक्त दाबलं जातं, वाकवलं जात नाही. म्हणून सडपातळ कमानींवर भागतं. छपराच्या पुढे आलेल्या कडा काचेवरचं ऊन अडवतात.

छपरावर मातीची कौलं आहेत. मला हा निर्णय सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण किल्ल्यावर चढलेला माणूस भिंती नव्हे, छप्परच पाहतो, आणि खाली सारं गावच कौलारू आहे.

जुनी आणि नवी वाइनरी मात्र एकमेकींना जोडली आहे ती भुयारानेच.