पार्श्वभूमी : उसातला जिवाणू आत आला कुठून?

मांजरीपासून दौंड-इंदापूरपर्यंत ऊस लावणाऱ्यांना ‘ॲसिटोबॅक्टर’ची ओळख करून द्यायला नको. बेणे आधी बुरशीनाशकात, मग अर्धा तास जिवाणूच्या द्रावणात, हे सगळ्यांना पाठ आहे. हवेतला नत्र स्थिर करणारा हा जिवाणू उसाच्या पेऱ्यांत राहतो. ब्राझीलमधल्या उसात तो सापडल्याचे १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. दहा वर्षांत शास्त्रीय नाव बदलून तो ‘ग्लुकोनॲसिटोबॅक्टर’ झाला. बोलण्यात मात्र जुनेच नाव टिकले.

मुळांलगतच्या मातीला ‘ऱ्हायझोस्फिअर’ हे नाव १९०४ मध्ये मिळाले. मुळे तिथे शर्करा, सेंद्रिय आम्ले, अमिनो आम्ले पाझरतात आणि जिवाणू त्या वासावर जमतात. पानाला रोग झाला की मुळातून मॅलिक आम्ल जास्त सुटते आणि बॅसिलस हा उपयोगी जिवाणू जवळ येतो, हे २००८ मध्ये एका छोट्या मोहरीवर्गीय रोपावर दिसले. झाड आतल्या जिवाणूंनाही असेच पाझरातून बोलावते, हे सांगताना हा दाखला आजही सर्रास दिला जातो. पण तो बॅसिलस मुळावर थर धरून बसणारा होता, आत राहणारा नव्हे.

गोंधळाचे मूळ ‘एंडोफाइट’ या शब्दात आहे. १८६६ मध्ये तो आला तेव्हा अर्थ सरळ होता : वनस्पतीच्या आत राहणारा, मग तो रोगकारक का असेना. १९९०च्या दशकात व्याख्या आवळली. मुळाचा पृष्ठभाग निर्जंतुक केल्यावरही जो मिळतो आणि झाडाला दिसण्याजोगा अपाय करत नाही, तो एंडोफाइट. माझ्या मते ही व्याख्या जिवाणूची कमी आणि प्रयोगशाळेतल्या धुण्याची जास्त आहे. क्लोरीनच्या द्रावणातून मुळाच्या भेगेत लपलेला जिवाणू वाचला तर तोही ‘आतला’ ठरणार. अलीकडे पुन्हा सैल व्याख्येकडे कल आहे : आयुष्याचा काही काळ जरी आत काढला तरी चालेल.

उसात हा वाद नुसता शब्दांचा राहत नाही. मुळाच्या टोकाशी किंवा उपमूळ फुटते त्या फटीतून जिवाणू आत शिरतो, तेव्हा पाझराने बोलावले असे म्हणता येते. पण ऊस लावतात टिपरीने, म्हणजे उसाच्याच तुकड्याने, आणि हा जिवाणू टिपरीतूनच पुढच्या पिढीत जातो. मोकळ्या मातीत तो क्वचितच सापडतो. मग आमंत्रण कुणी, कुणाला दिले? शिवाय त्याला साखर थेट आत घेता येत नाही. पेशीबाहेर विकर (एन्झाइम) सोडून ती फोडावी लागते. म्हणजे समोर काय पाझरते यावर त्याचे पोट आहेच.

राज्यात शिफारस झाली ती या जिवाणूमुळे ५० टक्के नत्र वाचतो अशी. शेतात बेणे बुडवूनही युरियाची गोणी कमी होतेच असे नाही. मेक्सिकोतल्या १९९०च्या दशकातील प्रयोगांत, भरपूर नत्र दिलेल्या उसात हाच जिवाणू कमी आढळला होता.