ठसेकाम (शालेय)

उठाव असलेल्या वस्तूला रंग लावून तिचा आकार कागदावर किंवा कापडावर दाबून उमटवण्याचा, शाळेतील कला विषयाचा एक उपक्रम. रेघेवर अजून ताबा नसलेल्या मुलालाही यात पहिल्याच तासाला स्पष्ट आकार मिळतो. तोच आकार पुन्हा पुन्हा घेता येत असल्याने लक्ष मांडणीकडे वळते, आणि ठसेकामाचे खरे शिक्षण तिथेच आहे. म्हणूनच मोराच्या छापील चित्रात ठरलेल्या जागी ठसे भरायला लावू नयेत. कागद कोरा द्यावा.

ठसा बिघडतो तो बहुधा रंगाच्या गादीमुळे. ताटलीत पातळ रंग ओतून त्यात वस्तू बुडवली की खाचा भरून जातात आणि कागदावर नुसता डाग उमटतो. गादीसाठी सपाट ताटलीत जुन्या सुती कापडाची चारपदरी घडी ओली करून, घट्ट पिळून ठेवावी. तिच्यावर दोन चमचे पोस्टर रंग व अर्धा चमचा पाणी एकत्र करून चमच्याच्या पाठीने पसरावे. प्रत्येक रंगाची गादी वेगळी हवी. कागदाखाली वर्तमानपत्राची आठ-दहा पाने घालावीत; कागद थेट कडक बाकावर ठेवला तर ठशात पांढरे ठिपके राहतात. वस्तू सरळ दाबावी व सरळच उचलावी. ती सरकली की कड दुहेरी दिसते.

बालवाडीत बोटांचे व तळहाताचे ठसे पुरतात. या वयात बोटे तोंडात जातात, म्हणून दोन मोठे चमचे मैदा वाटीभर पाण्यात शिजवून खळ करावी व ती निवल्यावर हळद किंवा खाण्याचा रंग मिसळावा. ही खळ लवकर आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करावी. मुठीच्या करंगळीकडच्या बाजूचा ठसा आणि त्यावर बोटांच्या टोकांचे पाच ठिपके अशी लक्ष्मीची पावले दिवाळीआधी मुले हौसेने उमटवतात.

पहिली-दुसरीत भेंडी, कांदा आणि पाने. भेंडी जून घ्यावी, भाजीला न चालणारी. कोवळी भेंडी दाबली की चेपते. ती आडवी कापून, चिकट रस फडक्याने टिपून दहा मिनिटे सुकू द्यावी, नाहीतर रंग फाटतो. पानाच्या शिरा मागच्या बाजूला उठून असतात, म्हणून रंग तिकडे लावावा. ती बाजू वर ठेवून त्यावर कागद पसरावा आणि अंगठ्याने चोळावा. एकदा रंग लावून लागोपाठ तीन ठसे घेतले तर ते क्रमाने फिके होतात. गर्द आणि फिक्या छटा मुलांना इथे आपोआप कळतात.

तिसरी ते पाचवीत ठसा स्वतः घडवायचा. बटाटा मोठ्या सुरीने एकाच कापात शिक्षकांनी कापून द्यावा. दोनदा सुरी चालली तर पृष्ठभाग सपाट राहत नाही आणि अर्धाच ठसा उठतो. आकाराभोवतीचा भाग चार-पाच मिलिमीटर कोरावा. अक्षरे उलटी कोरावी लागतात. त्यासाठी ती पातळ कागदावर काढून कागद उलटा करून पाहावा. बटाटा दुसऱ्या दिवशी आक्रसतो, त्यामुळे कोरणे व छापणे एकाच जोडतासात उरकावे. वेळ कमी असेल तर पुठ्ठ्यावर डिंकाने सुतळी चिकटवलेला ठसा सोयीचा, पण डिंक रात्रभर वाळला पाहिजे.

सहावीपासून लिनो, म्हणजे कोरून ठसा करण्यासाठीचा लिनोलियमचा जाड पत्रा, देता येतो. थंडीत तो कडक होतो आणि कोरण्याचे हत्यार निसटते, म्हणून आधी थोडा वेळ उन्हात ठेवावा. धरणारा हात नेहमी हत्याराच्या मागे असावा, हा नियम न पाळणाऱ्याचे हत्यार काढून घ्यावे. कोरलेला भाग पांढरा राहतो, हे उमगायला एक कच्ची छपाई लागतेच. या वयात एका आकृतिबंधाच्या पुनरावृत्तीचा सराव झाला की शासकीय रेखाकला परीक्षेतील संकल्पचित्राला (नक्षीच्या रचनेला) त्याचा थेट उपयोग होतो.

कापडावर छापायचे असेल तर पोस्टर रंग चालत नाही, तो धुतल्यावर निघून जातो. कापडाचे रंग वापरावेत. नवे सुती कापड आधी धुऊन त्याची खळ काढावी, छापल्यावर दिवसभर वाळू द्यावे आणि मग उलट्या बाजूने इस्त्री फिरवावी.