शटर उघडं ठेवून पाहिलेलं जग

‘बराका’ दाखवला की कुणीतरी हमखास म्हणतं, “हे तर फास्ट फॉरवर्ड केलंय!” रॉन फ्रिक यांचा हा १९९२चा माहितीपट. संवाद नाही, निवेदन नाही. १९८२च्या ‘कोयानिस्कात्सी’चं छायाचित्रणही त्यांचंच. ढग पाण्यासारखे ओघळतात, रात्रीचे रस्ते उजेडाच्या नद्या होतात. हे नुसतं पळवून साधत नाही, त्याला टाइमलॅप्स लागतो, म्हणजे ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपणं.

सिनेमा सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे २४ स्थिर चित्रं दाखवतो. टाइमलॅप्समध्ये दर १० सेकंदांनी एकच चौकट टिपली, तर पडद्यावरच्या एका सेकंदात चार मिनिटं मावतात. इथवर हिशेब सोपा. खरी गंमत शटरची, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड आत सोडणाऱ्या झडपेची.

नेहमीच्या चित्रीकरणात शटर साधारण १/४८ सेकंद उघडं असतं. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात जेमतेम २० सेंटिमीटर सरकते, म्हणून दिवा ठिपक्यासारखा दिसतो. अशी फिल्म कितीही पळवा, ठिपके उड्याच मारणार. टाइमलॅप्समध्ये मात्र शटर दोन सेकंदही उघडं ठेवता येतं. तेवढ्यात तीच गाडी २० मीटर जाते आणि तिचा दिवा फिल्मवर तेवढी लांब रेघ ओढून ठेवतो. पुढचे दिवे पांढरी, मागचे लाल. शटर मिटून लगेच उघडलं, तर एक रेघ संपते तिथूनच पुढची सुरू होते आणि डोळ्याला अखंड प्रवाह दिसतो. गाडीचा पत्रा अंधूक, तो कुठेच ठरत नाही, विरून जातो. दिवसा एवढ्या वेळात फिल्म पांढरीफटक पडेल, म्हणून लेन्सचं छिद्र बारीक करून पुढे एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच लावतात.

ताऱ्यांचंही तसंच. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून ध्रुवाभोवती कमानी उमटतात. हे फोटो ‘वैश्विक ऊर्जेचं वलय’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतात, याचं फार वाईट वाटतं. त्या कमानीत आपल्या पृथ्वीचं फिरणं मोजता येतं, याहून मोठं नवल कुठलं हवं?

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्येच टाइमलॅप्स केला होता. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळावं म्हणून कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडं थोडं टिपत त्याची वाढ छोट्याशा फिल्ममध्ये दाखवली.

मी भिजवलेले मूग ओल्या फडक्यावर ठेवून मोबाइलवर करून पाहिलं. दर पाच मिनिटांनी एक फोटो, दिवसाचे २८८, पडद्यावर १२ सेकंद. मूग फुगतो, साल फाटते, पांढरं मूळ आडवं बाहेर येतं, क्षणभर थबकल्यासारखं होतं आणि वाकून खाली जातं.