कबुली ऐकणारा हेर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन आणि कॅथलिक धर्मगुरू फादर जॉन ओ'कॉनर इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या माळरानावर फिरायला निघाले होते. बोलता बोलता गुन्हेगारीचा विषय निघाला आणि हा साधासुधा पाद्री माणसातल्या दुष्टपणाबद्दल आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जाणतो, हे पाहून चेस्टरटन हबकले. मुक्कामी परतल्यावर ओ'कॉनर यांच्या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांशी गप्पा रंगल्या. ओ'कॉनर उठून जाताच त्या विद्यार्थ्यांतला एक म्हणाला, माणूस विद्वान खरा, पण असं कोंडून घेतलेल्यांना जगातलं पाप काय ठाऊक! चेस्टरटन यांना हसू आवरेना. त्यांचा पाद्री-हेर फादर ब्राउन या विसंगतीतून जन्मला. १९१० साली त्याची पहिली कथा छापून आली. तिच्यात तो फ्लाम्बो या चोराला सुनावतो, की दिवसभर लोकांची खरी पापं ऐकणाऱ्याला पाप अनोळखी कसं असेल? चेस्टरटन स्वतः तेव्हा कॅथलिक नव्हते, ते झाले १९२२ मध्ये.

या हेराचं सगळं भांडवल म्हणजे कन्फेशन, पाद्र्यापाशी गुप्तपणे दिलेली पापांची कबुली, आणि नेमकी तीच त्याची बेडी. दोन्हींचं मूळ १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेत सापडतं. प्रत्येक सज्ञान ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून एकदा तरी पापांची कबुली द्यावी, असा नियम तिने केला आणि ऐकलेलं फोडणाऱ्या पाद्र्याला पदच्युत करून जन्मभर मठात प्रायश्चित्त घ्यायला लावावं, असंही ठरवलं. याच परिषदेने आणखी एक बंदी घातली. आरोपीच्या हाती तापलेलं लोखंड द्यायचं किंवा त्याला उकळत्या पाण्यात हात घालायला लावायचा, अशा दिव्यांना धर्मगुरूंनी आशीर्वाद देऊ नये. मग देवाची साक्ष काढायची कशी? न्यायालयांना साक्षीदार, चौकशी, इंग्लंडात ज्युरी, अशा वाटा धराव्या लागल्या. हेरकथेला लागणारा पुरावा आणि तिला छळणारं मौन एकाच वर्षाच्या कागदपत्रांत शेजारी शेजारी मिळावं, याची मला गंमत वाटते.

मौनाचा पेच सर्वांत थेट मांडला तो चित्रपट दिग्दर्शक हिचकॉकने. 'आय कन्फेस' (१९५३) मध्ये क्वेबेकच्या पाद्र्यापाशी खुनी कबुली देतो आणि पुढे संशय त्या पाद्र्यावरच येतो. कथेचा आधार होतं १९०२ चं एक फ्रेंच नाटक.

फादर रोनल्ड नॉक्स यांचा मार्ग वेगळा. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चच्या, बिशपचा हा मुलगा कॅथलिक धर्मगुरू झाला, हेरकथा लिहू लागला आणि १९२९ मध्ये त्याने रहस्यकथेच्या दहा आज्ञा छापल्या. त्यातली एक अशी, की उकलीत दैवी शक्तीला जागा नाही. पाद्र्यानेच चमत्काराला दार बंद करावं!

नंतर बराच काळ फारसं काही घडलं नाही आणि मग तीन-चार वर्षांत सगळं एकदम आलं. १९७७ मध्ये एलिस पीटर्स यांचा ब्रदर कॅडफेल अवतरला, बाराव्या शतकातल्या श्रूजबरी मठात वनौषधी लावणारा. त्याच वर्षी नोत्र दाम विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे राल्फ मॅकइनर्नी यांनी फादर डाउलिंग आणला. १९८० मध्ये उंबर्टो एको यांनी आपल्या कादंबरीत १३२७ च्या इटालियन मठात खून घडवले. माझ्या मते हा निव्वळ योगायोग नसावा. १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मपरिषदेनंतर, पूजाविधी लोकांच्या भाषेत आला आणि हजारो पाद्र्यांनी पद सोडलं. चर्चच्या भिंतीआड काय चालतं याचं कुतूहल वाढलं होतं, आणि आतली माणसं बोलायलाही लागली होती.

विल्यम किन्झल हा त्यातलाच एक. डेट्रॉइटमध्ये वीस वर्षं धर्मगुरू राहून त्याने १९७४ मध्ये ते काम सोडलं आणि १९७९ मध्ये 'द रोझरी मर्डर्स' लिहिली. एकामागून एक पाद्री आणि नन मारले जातात आणि फादर कोस्लर माग काढतो. तिथलं पाद्र्यांचं जेवणाचं टेबल, वरिष्ठांशी होणाऱ्या कुरबुरी, चर्चचं कार्यालय, हे बाहेरच्याला इतकं नेमकं जमलं नसतं. वीस वर्षांतलं हवं ते वापरायला किन्झल मोकळा होता. अपवाद फक्त कन्फेशनमध्ये कानावर पडलेल्याचा, कारण ते बंधन पद सोडल्यावरही सुटत नाही.