पर्यावरणपूरक प्रवास कोण निवडतं (खान्देश)

पायी, सायकलनं, एसटीनं, रेल्वेनं, म्हणजे माणशी कमी इंधन जाळून होणारा प्रवास. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत असा प्रवास करणारे खूप आहेत, पण त्यातले स्वतःहून निवडणारे कोण आणि गाडी नाही म्हणून करणारे कोण हे वेगळं काढल्याशिवाय हा विषय कळत नाही.

2011 च्या जनगणनेत कामाला कसं जाता हा प्रश्न होता, पायी, सायकल, मोटारसायकल, बस, रेल्वे असे पर्याय होते. पण ही माहिती शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले कामगार सोडून बाकीच्यांचीच घेतली, त्यामुळे कापूस वेचायला सकाळी डबा घेऊन शेतात चालत जाणारी बाई त्यात येतच नाही. आणि खान्देशात तर सगळ्यात जास्त चालतं कोण, तर तीच.

पर्यावरणाची काळजी असणारा माणूस गाडी कमी वापरेल असं आपण धरून चालतो. जर्मनीतलं म्युनिक आणि स्वित्झर्लंडमधलं बर्न इथल्या अभ्यासात मात्र दिसलं की काळजी असणारे लोक कचरा वेगळा करतात, जिथं फारसा त्रास नाही तिथं वागणं बदलतात, पण गाडी सोडायची वेळ आली की ती काळजी फारशी कामी येत नाही. खान्देशात तर हे जास्तच लागू आहे, कारण इथं सोय आहे का नाही यावरच सगळं ठरतं.

एसटीचंच बघा. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, त्याआधी 2022 मध्ये 75 वर्षांवरच्यांना प्रवास फुकट झाला. आता फाट्यावर उभ्या असलेल्या आजीबाई समोर काळी-पिवळी थांबली तरी बसत नाहीत, "येष्टी उनी का?" (एसटी आली का?) एवढंच विचारतात. घरात मोटारसायकल असली तरी ती मुलगा नाहीतर नवरा घेऊन गेलेला असतो, म्हणून एकाच घरात पुरुष पेट्रोलवर आणि बायका बसनं असं चित्र गावोगाव दिसतं. 2021-22 च्या संपात बस महिनोन् महिने बंद होत्या तेव्हा हाल झाले ते याच लोकांचे, आणि ज्यांना जमलं त्यांनी हप्त्यानं गाडी घेऊन टाकली, घरात एकदा गाडी आली की मग एसटीची वाट कोण बघतं.

शाळेच्या मुलींचं वेगळं आहे. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात आणि त्यांच्यासाठी निळ्या बसही सुटतात. माझ्या मते पर्यावरणपूरक प्रवासासाठी खान्देशात सरकारनं केलेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे, जरी ते पर्यावरणाच्या नावानं केलेलं नसलं तरी, कारण मुलीचं शिक्षणही टिकतं आणि घरच्यांना तिला सोडायला गाडी काढावी लागत नाही.

खऱ्या अर्थानं निवडणारे म्हणजे रेल्वेनं अपडाऊन करणारे. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, तिकडं अमळनेर, नंदुरबार, या गावांमधले मास्तर, बँकवाले, रेल्वेवाले, कॉलेजची पोरं. यातल्या बऱ्याच जणांच्या दारात गाडी उभी असते, तरी ते मासिक पास काढतात, कारण पास स्वस्त पडतो, हायवेचा धोका नाही आणि रोजच्या डब्यातली दोस्ती वेगळीच. पर्यावरणाचं नाव यात कुणी घेत नाही पण गाडी घरी ठेवून जातात हे खरं. उलट पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी, लोकांची पीजे, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती परत सुरूच झाली नाही, आता ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत न्यायचं मंजूर आहे, तोवर त्या पट्ट्यातल्या लोकांना रस्त्याशिवाय पर्याय नाही.

सायकल चालवणारे दोन प्रकारचे. एक एमआयडीसीत जाणारे कामगार, हँडलला डब्याची पिशवी अडकवलेली, आणि दुसरे पहाटे हेल्मेट घालून निघणारे डॉक्टर, व्यापारी वगैरे. दुसऱ्यांचा तो व्यायाम असतो, दुकानात किंवा दवाखान्यात ते गाडीनंच जातात. त्यांनाही नावं ठेवता येत नाहीत कारण एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास जातो, दुपारी सायकल मारणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यात जळगावात हायवे शहराच्या मधून गेलेला, समांतर रस्त्यांसाठी लोकांनी आंदोलनं केली ती उगाच नाही.

सातपुड्यात धडगाव, अक्कलकुवा भागात पावरा आणि भिल्ल पाड्यांवरचे लोक आठवडे बाजाराला डोंगर उतरून चालत येतात आणि नर्मदेकाठच्या गावांना तर बोटीशिवाय इलाज नाही. या लोकांना निवड करायला मिळालेलीच नाही, म्हणून त्यांचं चालणं पर्यावरणप्रेमाच्या खात्यात मांडू नये, तिथं आधी रस्ता आणि वेळेवर येणारी एसटी पाहिजे.