कॉब्लरचा रस्सा का झाला?

जुलैतला अटलांटा. लेकीकडे येऊन तीन आठवडे झाले होते आणि जावयाने रस्त्याकडेच्या ट्रकवरून पीचची पंचवीस पौंडांची, म्हणजे अकरा किलोंहून जराशी जास्तच, पेटी उचलून आणली. घरात माणसं चार, त्यांतलं एक सहा वर्षांचं. दोन दिवसांत पेटीभोवती चिलटं घोंघावायला लागली तेव्हा मी पदर खोचला. छत्तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलंय, एक कॉब्लर जमणार नाही?

नाही जमला. वरून सोनेरी, खमंग, फोटो काढण्यासारखा. चमचा घातला आणि खाली रस्सा. वरचे गोळे त्यात भज्यांसारखे तरंगायला लागले. नातीने विचारलं, "आजी, हे वाटीत घेऊन प्यायचं का?"

शेजारच्या आजींचा जन्म इथलाच, जॉर्जियातला. त्यांना सांगितलं तर त्या हसल्या आणि दोनच गोष्टी म्हणाल्या. कडेला बुडबुडे आले म्हणून भुलायचं नाही, ते मधोमध येईपर्यंत ओव्हन बंद करायचा नाही. आणि बाहेर काढल्यावर पाऊण तास त्याला हात लावायचा नाही. त्यांना हे त्यांच्या आईने सांगितलेलं. मला ते स्टार्चने सांगायला हवं होतं, कारण माझ्या आवडत्या विषयांत त्याचा नंबर पहिला. म्हणून हा लेख.

कॉब्लर माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. खोलगट भांड्यात चिरलेली फळं, साखर, चमचा-दोन चमचे कॉर्नफ्लोअर. त्यावर मैदा, थंड लोणी, ताक आणि बेकिंग पावडरच्या सैलसर पिठाचे गोळे टाकायचे आणि १९० अंश सेल्सिअसला भाजायचं. खाली पारीच नाही, त्यामुळे 'पाय' (pie) करणाऱ्यांची लाटालाटी वाचते. दक्षिणेत दुसरीही एक तऱ्हा आहे. भांड्यात लोणी वितळवायचं, त्यावर पातळ पीठ, त्यावर फळं. भाजताना पीठ फळांमधून वर येतं. मी पहिल्या तऱ्हेबद्दल बोलतेय. एक सावधगिरी मात्र घ्या. आपण ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो ते इथल्या दुकानात कॉर्नस्टार्च नावाने मिळतं. इथलं 'कॉर्न फ्लोअर' म्हणजे सरळ मक्याचं पीठ. नाव बघून पाकीट उचललंत तर कॉब्लरची आंबील होईल.

आता फळ. जॉर्जियाला पीचचा केवढा अभिमान! गाड्यांच्या नंबरप्लेटवर पीच, अटलांटातल्या निम्म्या रस्त्यांच्या नावात पीचट्री. खरं तर शेजारचं साउथ कॅरोलायना यांच्यापेक्षा जास्त पीच पिकवतं आणि कॅलिफोर्निया दोघांपेक्षा कितीतरी जास्त, पण हे इथे मोठ्याने बोलायचं नसतं. झाडाला हिवाळ्यात ठरावीक तास थंडी लागते, सात अंशांच्या खालची. ती पुरली नाही तर कळ्या नीट उमलत नाहीत. २०२३ साली हिवाळा उबदार गेला, मार्चमध्ये उशिरा कडाका पडला आणि जॉर्जियाचं नव्वद टक्क्यांहून जास्त पीक गेलं. फळ मूळचं चीनचं. लॅटिन नावात पर्शिया आहे तो युरोपीयांचा गैरसमज. आपल्याकडची नोंद त्यांच्यापेक्षा बरोबर होती. सातव्या शतकात आलेला ह्युएन त्संग लिहितो की कनिष्काच्या काळी चिनी ओलिसांनी हे फळ पंजाबात आणलं, म्हणून लोक त्याला 'चीनानी' म्हणत.

पीच आणि आंबा यांत एक मोठा फरक आहे. कैरीत स्टार्चचा साठा असतो. अढीत घातल्यावर त्याची साखर होते आणि आंबा गोड होतो. पीचमध्ये असा साठा जवळजवळ नसतोच. झाडावरून उतरवलं त्या दिवशी जितकं गोड, तितकंच. नंतर ते फक्त मऊ होतं आणि वास सुटतो. मऊ होण्याचं काम एका एन्झाइमचं. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनच्या लांब साखळ्या ते मधूनच कातरतं. गंमत अशी की या एन्झाइमच्या जनुकांवर दोन गोष्टी ठरतात: गर तोंडात विरघळणार की चिवट राहणार, आणि बाठा सहज सुटणार की गराला चिकटून बसणार. डब्यातल्या पीचच्या फोडी इतक्या आकार धरून असतात कारण डब्यासाठी मुद्दाम चिवट गराची, चिकट बाठ्याची जात घेतात. उन्हाळ्यातलं ताजं, बाठा सुटणारं पीच कॉब्लरसाठी उत्तम, पण त्याचं पेक्टिन पिकतानाच तुकडे तुकडे झालेलं. पेरूच्या जेलीसारखं ते आपलं आपण आळून येईल ही आशा सोडा. वर गरात पाणी ८९ टक्क्यांच्या आसपास. किलोभर फोडी म्हणजे जवळजवळ नऊशे मिलिलिटर पाणी, आणि साखर घातली की ते पाझरायला लागतं.

(जाता जाता: कच्चं पीच फ्रिजमध्ये ठेवू नका. साधारण दोन ते आठ अंशांमध्ये पेक्टिन कातरण्याचं काम अर्धवट होतं, रस त्या अर्धवट पेक्टिनमध्ये अडकतो आणि फळ खाताना कापूस चावल्यासारखं लागतं. घरचा फ्रिज नेमका चार अंशांना असतो. आधी बाहेर पिकू द्या.)

तर हे सगळं पाणी धरायचं कोणी? दोन चमचे कॉर्नफ्लोअरने. आता मी माझ्या विषयावर येते.

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या माळा. काही माळा जवळपास सरळ, त्यांना अमायलोज म्हणतात. बाकीच्या झाडासारख्या फांद्या फुटलेल्या, त्या अमायलोपेक्टिन. मक्यात साधारण पाव भाग अमायलोज. वनस्पती या माळा गुंडाळून बारीक कण करते, मक्याचा कण पाच ते पंचवीस मायक्रॉनचा. हे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत. कुरडया करणाऱ्या कुणालाही विचारा: गहू भिजवून, वाटून, गाळून ठेवला की रात्रभरात चीक तळाशी बसतो आणि वरचं पाणी खुशाल ओतून देता येतं. कारण कणाच्या आत अमायलोपेक्टिनच्या फांद्या जोडीजोडीने पीळ घालून, स्फटिकासारख्या शिस्तीत रचलेल्या असतात आणि पाण्याला आत शिरायला वाट नसते. ही शिस्त डोळ्यांनी बघता येते. सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात प्रत्येक कणावर लख्ख क्रॉस दिसतो. विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी दाखवायची आणि दरवर्षी सगळ्यांच्या आधी मीच डोळा लावायची.

मग पाणी तापवा. साधारण ६२ अंशांपासून एकेका कणावरचा क्रॉस विझायला लागतो, ७२च्या पुढे जवळपास सगळे विझलेले. रचना मोडली, पाणी आत घुसलं, कण मूळच्या कित्येक पट फुगले. पातेल्यात पाणी तेवढंच आहे, पण मोकळं पाणी उरलं नाही. दादरच्या पुलावरून माणसं आरामात चालली आहेत आणि अचानक प्रत्येकाने छत्री उघडली तर जे होईल तेच इथे होतं. माणसं तेवढीच, पण हलता येईना कुणाला. चीक शिजवताना एका क्षणी पळी जड होते ना, तो हा क्षण. मात्र क्रॉस विझला म्हणजे काम संपलं असं नाही. कण पुरते फुगायला आणि त्यांतलं अमायलोज बाहेर पाझरायला नव्वदच्या वरचं तापमान लागतं.

यात साखर आडवी येते. साखरेच्या पाकात स्टार्च उशिरा फुगतो. निम्मी साखर, निम्मं पाणी असेल तर दहा अंशांहून जास्त उशिराने. जुन्या पुस्तकांत याचं कारण 'साखर पाणी पळवते' असं दिलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. कणातल्या माळांचा काही भाग स्फटिकासारखा, तर काही अस्ताव्यस्त असतो. हा अस्ताव्यस्त भाग कोरडा असताना काचेसारखा कडक असतो. पाण्याचे चिमुकले रेणू माळांमध्ये शिरले की त्या एकमेकींवरून सरकू लागतात, काचेचं रबर होतं. ज्या तापमानाला हे होतं त्याला काच-संक्रमण तापमान म्हणतात आणि ते पाण्याच्या प्रमाणावर विलक्षण अवलंबून असतं: पाच-सहा टक्के जास्त पाण्याने ते कित्येक अंशांनी खाली येतं. स्फटिकी भाग वितळायचा तर आधी शेजारचा भाग रबर व्हावा लागतो, फांद्या हलायला जागा त्याशिवाय मिळत नाही. साखरेचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा एकोणीस पट जड आणि सुस्त. साखर मिसळलेल्या पाण्याची हे वंगण घालण्याची ताकद नुसत्या पाण्यापेक्षा कमी, म्हणून माळा हलवायला उष्णता जास्त द्यावी लागते. (हा परिच्छेद वाचून लेक म्हणाली, "आई, इथे लोक पान उलटतील." उलटा. पुढे परत कॉब्लरच आहे.)

माझं काय चुकलं ते आता दिसतं. भांडं कडेने तापतं. कडेला रस उकळतो तेव्हा तिथे शंभरच्या आसपास तापमान असतं, पण मधोमध अजून सत्तरसुद्धा नसेल. कडेच्या छत्र्या उघडल्या, मधल्या मिटलेल्याच, आणि मी वरचा सोनेरी रंग बघून भांडं बाहेर काढलं. रंगाचा आणि खालच्या शिजण्याचा संबंधच नाही. गोळ्याचा माथा कोरडा पडला की त्याचं तापमान शंभरच्या पुढे जाऊ शकतं आणि साखर-प्रथिनांची तांबूस होण्याची क्रिया वेग घेते. खाली पाणी आहे तोवर तापमान शंभराशी अडून राहतं. आजींचे मधले बुडबुडे म्हणजे फुकटचा थर्मामीटर. बुडबुड्याची जातही बघायची. पातळ रसाचे बुडबुडे भराभर येऊन फुटतात. आळलेल्या रसाचा बुडबुडा पिठल्यासारखा फदकन येतो, दमाने.

गोळ्यांची खालची बाजू गिच्च राहते हा दुसरा नेहमीचा घोटाळा. फळं थंड असतील तर वरून पीठ भाजून निघतं आणि खालून त्याला नुसता ओलावा मिळतो. फळं आधी पंधरा मिनिटं ओव्हनमध्ये तापवून मग त्यांवर पीठ टाकलं की दोन्हीकडून शिजतं. बेकिंग पावडरबद्दल फार लिहीत नाही: सोडा आणि कोरडं आम्ल एका डब्यात, पाणी लागलं की थोडा वायू आत्ता, उरलेला ओव्हनमध्ये. यातही 'केमिकल' शोधणारे असतात. ताकातलं लॅक्टिक आम्ल हेही केमिकलच.

यावरून आठवलं. मी पीच सोलत होते तेव्हाच आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर निरोप फिरत आला की जर्दाळू-पीचच्या बाठ्यातली बी फेकू नका, त्यात 'बी-१७ जीवनसत्त्व' असतं आणि कर्करोग बरा होतो. बी-१७ नावाचं जीवनसत्त्व अस्तित्वातच नाही. बीमध्ये असतं ते अमिग्डालिन. बी चावली की त्यापासून हायड्रोजन सायनाइड सुटतं. अमेरिकेत १९८२ साली दीडशेहून अधिक रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. उपयोग शून्य, काहींच्या रक्तात सायनाइड मात्र धोक्याच्या पातळीजवळ गेलेलं. ग्रुपवर मी हे लिहिलं तर एका भाच्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि तासाभराने तोच निरोप दुसऱ्याने पाठवला. बाठे कचऱ्यात टाका.

राहिला पाऊण तास. गरम असताना बाहेर आलेलं अमायलोज रसात मोकळं फिरत असतं. निवताना त्याच्या माळा एकमेकींना धरून जाळं विणतात आणि पाणी त्या जाळ्यात अडकतं. खळ गरम असताना ओतता येते आणि गार झाल्यावर थिजते, ते याचमुळे. ओव्हनमधून काढल्या काढल्या कॉब्लर पातळच दिसतो, म्हणून घाबरून अजून कॉर्नफ्लोअर घालायला जाऊ नका.

दुसरा कॉब्लर मी मधल्या बुडबुड्यांवर नजर ठेवून केला. बावन्नाव्या मिनिटाला मधोमध फदफद सुरू झाली, लेकीचा मांसासाठीचा थर्मामीटर खुपसला तर ९६ अंश. पाऊण तास थांबलो. म्हणजे मी थांबले. नातीने एका कोपऱ्यात बोट घालून बघितलंच. या वेळी वाढताना वाटीची गरज पडली नाही.

उरलेला फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी गोळे कडक आणि कडेने पाणी सुटलेलं. रात्रभरात माळा आणखी जवळ सरकतात, जाळं आवळतं आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर पडतं. फ्रिजमधला भात याच कारणाने टणक होतो. दहा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवलं की गोळे परत मऊ होतात, कारण अमायलोपेक्टिनची नवी रचना साठ अंशांच्या आसपास मोडते. अमायलोजची मोडायला शंभराच्या बऱ्याच वर जावं लागतं, तेवढं ओल्या फळात तापमान चढत नाही. म्हणजे सुटलेलं पाणी परत आत जात नाही. ते मी भांडं वाकडं करून चमच्याने पिते, सगळे उठायच्या आत.